ख्रिस्तप्रवेशाचे तीन संस्कार आणि वसईचा धर्मग्राम

मनुष्य कुळांत जन्मास येतो, परंतु धर्मसमाजांत त्यास प्रवेश करावा लागतो, ही कल्पना हिंदु घराण्यांना नवी नाहीं. मुंज झाली म्हणजे बटूचा दुसरा जन्म झाला, अशी समजूत फार प्राचीन आहे. कॅथॉलिक ख्रिस्ती समाजांत हा दुसरा जन्म एका विधीनें पुरा होत नाहीं. त्यास तीन संस्कार लागतात. पहिला स्नानसंस्कार, म्हणजेच बाप्तिस्मा, दुसरा दृढीकरण, आणि तिसरा ख्रिस्तप्रसाद. पहिल्याचें चिन्ह पाणी, दुसऱ्याचें बिशपाचा हात व सुगंधी तेल, आणि तिसऱ्याचें भाकर व द्राक्षरस. स्नानानें मनुष्य त्या समाजाचा होतो, दृढीकरणानें समाजाचा भार उचलण्याचें बळ त्यास मिळतें, आणि ख्रिस्तप्रसादानें तो समाजाच्या पंक्तीस बसतो, असा या तिहींचा अर्थ थोडक्यांत सांगतां येईल.

हे संस्कार मिळतात ते गांवच्या चर्चांत. एका चर्चच्या भोंवतीं जो समाज नांदतो त्यास मराठी ख्रिस्ती लोक धर्मग्राम म्हणतात. प्रत्येक धर्मग्रामाच्या कपाटांत स्नानसंस्काराची वही असते. तींत मुलाचें नांव, तिथि, आईबापांचीं नांवें आणि धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें लिहिलेलीं असतात. पुढें त्याच नोंदीजवळ दृढीकरणाची व विवाहाची नोंद होते. एका माणसाची ही एवढीशी नोंद. पण तिच्या मागें किती शतकांचा झगडा उभा आहे, हें पाहण्यास मराठी मुलखांत वसईइतकें योग्य स्थळ क्वचितच सांपडेल. कारण वसईस या तिन्ही संस्कारांची कसोटी तीन वेगळ्या प्रकारांनीं लागली.

त्या कसोटीकडे वळण्यापूर्वीं मूळची रीत समजून घेतली पाहिजे. आरंभींच्या शतकांत हे तीन संस्कार एकमेकांपासून वेगळे नव्हतेच. पहिल्या शतकाच्या अखेरच्या सुमाराचा मानला जाणारा ‘दिदाखे’ नांवाचा एक छोटा ग्रंथ आहे. वाहतें पाणी मिळाल्यास त्यांत स्नान द्यावें, तें नसल्यास दुसरें पाणी घ्यावें, आणि तेंही पुरेसें नसल्यास मस्तकावर तीन वेळां ओतावें, असा त्यांत नियम आहे. पाण्याच्या बाबतींत इतकी सवलत असली, तरी माणसाच्या बाबतींत ती नव्हती. हिप्पोलितस याच्या नांवावर सांगितल्या जाणाऱ्या एका जुन्या नियमावलींत उमेदवारीचा काळ तीन वर्षांचा आहे. उमेदवाराचा धंदा कोणता, हें आधीं पाहिलें जाई. मूर्ति घडविणारा, नाटकांतला नट, आखाड्यांत प्राणघातक झुंज खेळणारा, यांना पूर्वींचा व्यवसाय सोडावा लागे. स्नान झाल्यावर तेलाचा अभिषेक होई, नंतर भाकर व द्राक्षरस मिळे, आणि त्यांच्या जोडीला दूध व मधही देत. कारण देवानें वचन दिलेली भूमि दुधामधाची होती. हें सर्व एकाच रात्रीं होई.

अशा रात्रींचें प्रसिद्ध उदाहरण इ. स. ३८७ चें आहे. त्या वर्षीं मिलान शहरांत पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्रीं तेथील बिशप अँब्रोझ यानें ऑगस्टीन, त्याचा मुलगा आदेओदातुस आणि मित्र अलिपियुस यांस स्नानसंस्कार दिला. ज्या अष्टकोनी स्नानगृहांत हा विधि झाला त्याचे अवशेष मिलानच्या मोठ्या चर्चसमोरील चौकाखालीं पाहावयास मिळतात. ऑगस्टीन त्या वेळीं तेहतीस वर्षांला टेकलेला वक्तृत्वशास्त्राचा माजी शिक्षक होता. जें स्वीकारावयाचें त्याचा अनेक वर्षें विचार करून तो त्या पाण्यांत उतरला.

पुढें ख्रिस्ती धर्म शहरांतून खेड्यांत गेला आणि प्रौढांच्या जागीं तान्हीं मुलें स्नानासाठीं येऊं लागलीं. शहरांत बिशप स्वतः हजर असे. खेड्यांत असे तो साधा धर्मगुरु. मग बिशपाच्या हातचा अभिषेक कोणीं करावा? पूर्वेकडील चर्चनें तोड काढली, कीं बिशपानें मंत्रिलेलें तेल धर्मगुरूनें वापरावें आणि तिन्ही संस्कार तान्ह्या मुलासच एका वेळीं द्यावेत. पश्चिमेनें दुसरी वाट धरली. ४१६ सालीं पोप पहिला इनोसंट यानें गुब्बियोच्या बिशपास लिहिलेल्या पत्रांत कपाळावरचा अभिषेक बिशपाकडेच राखून ठेवला. पूर्वेनें तेल गांवोगांव पाठविलें, पश्चिमेनें बिशपाची वाट पाहिली. मूल एका वर्षीं स्नान पावे आणि बिशपाची फेरी होई त्या वर्षीं त्याचें दृढीकरण होई. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेनें समज आलेल्या प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी ख्रिस्तप्रसाद घ्यावा असा नियम केला. तेव्हां प्रसादाचा संबंध समजेच्या वयाशीं जोडला गेला. अशा रीतीनें एकाच दाराच्या तीन पायऱ्यांमध्यें वर्षांचें अंतर पडलें. हा पश्चिमेचा प्रघात घेऊनच पोर्तुगीज धर्मगुरु कोंकणच्या किनाऱ्यास लागले.

गुजराथचा सुलतान बहादुरशाह यानें २३ डिसेंबर १५३४ रोजीं वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली. किल्ला उभा राहिला, त्यांत चर्चें उभीं राहिलीं. फ्रान्सिस्कन साधु आंतोनियो द पोर्तो यानें वसई व साष्टी भागांत धर्मप्रसार केला. मंडपेश्वरच्या लेण्याचें चर्च झालें तें त्याच्याच खटपटीनें. १५४२ सालीं गोव्यास उतरलेला फ्रान्सिस झेव्हियर वसईसही येऊन गेला. त्यानें कोचीनहून १५४४ च्या जानेवारींत लिहिलेल्या पत्रांत दक्षिणेच्या मच्छीमार किनाऱ्यावर स्नानसंस्कार देतां देतां हात थकून जात असल्याचें सांगितलें आहे. मिलानच्या त्या रात्रीशीं हें पत्र ताडून पाहिलें म्हणजे काळ किती पालटला होता तें ध्यानांत येतें. तेथें अनेक वर्षांचा विचार. येथें एका दिवसांत गांवचें गांव.

या पाण्याच्या पाठीशीं राजसत्ता होती, हें लपविण्यांत अर्थ नाहीं. देवळें पाडलीं गेलीं. हिंदु आईबापांचीं अनाथ झालेलीं मुलें धर्मगुरूंच्या ताब्यांत द्यावींत, असा कायदा १५५९ सालीं निघाला. १५६० सालीं गोव्यास इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ च्या गोव्याच्या पहिल्या प्रांतिक परिषदेनें कोणासही बळानें ख्रिस्ती करूं नये असें ठरविलें. परंतु त्याच परिषदेनें हिंदूंच्या उघड धर्माचरणावर बंधनें घालण्याची मागणीही केली. एका हातानें बळाचा निषेध आणि दुसऱ्या हातानें बळाचा वापर, असा तो काळ होता. म्हणून वसईच्या पहिल्या पिढ्यांविषयीं एक प्रश्न उभाच राहतो. त्या लोकांनीं स्नान घेतलें, कीं त्यांस स्नान घातलें गेलें?

या प्रश्नाचें उत्तर कायद्यांत सांपडत नाहीं; त्याचा कांहींसा माग स्नानाच्या वहींत लागतो. १५६३ सालीं ट्रेंटच्या परिषदेनें प्रत्येक धर्मगुरूस स्नानाच्या वेळीं धर्मपिता व धर्ममाता यांचीं नांवें वहींत लिहून ठेवण्याची आज्ञा केली. कारण असें, कीं स्नानसंस्कारानें एक नवें नातें जन्मास येई. धर्मपिता केवळ साक्षीदार नसे. तो मुलाच्या घराचा आप्त होई, आणि या आध्यात्मिक नात्यांतल्या माणसांत विवाह निषिद्ध मानला जाई. मुलाचा बाप व धर्मपिता एकमेकांस पोर्तुगीज भाषेंत ‘कोंपाद्रे’ म्हणत. वसईच्या सामवेदी ख्रिस्ती समाजाचें ‘कुपारी’ हें नांव याच शब्दापासून आलें, अशी व्युत्पत्ति सांगतात. ती खरी असेल तर तिचा अर्थ मोठा आहे. एका समाजानें आपलें नांव राजाकडून घेतलें नाहीं, गांवावरून घेतलें नाहीं. स्नानकुंडापाशीं उभ्या राहिलेल्या दोन माणसांच्या नात्यावरून घेतलें. फर्मानानें आलेला विधि लोकांनीं सोयरिकीच्या मार्गानें आपलासा केला.

याच वसईच्या स्थानिक आईच्या पोटीं गोन्सालो गार्सिया जन्मला. जेझुइटांच्या शाळेंत शिकून तो जपानला गेला, पुढें मनिला येथें फ्रान्सिस्कन संघांत शिरला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें सव्वीस ख्रिस्ती हुतात्म्यांपैकीं एक म्हणून क्रुसावर मरण पावला. १८६२ सालीं रोमनें त्यास संत म्हणून जाहीर केलें. जपानांत त्याच्या पाठीशीं पोर्तुगीज तोफा नव्हत्या. वसईस मिळालेलें पाणी सत्तेवांचून टिकूं शकतें, याचा हा पहिला पुरावा होता.

दुसरा पुरावा वसईसच मिळाला. १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली. पोर्तुगीज सैन्य गेलें, त्याच्याबरोबर युरोपीय साधुसंघ गेले. वसई मोहिमेंतल्या कांहीं घंटा हिंदु देवळांत जाऊन टांगल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांतील १७२१ सालची घंटा त्यांपैकींच सांगतात. तहाच्या अटींत ख्रिस्ती रयतेस उपासनेची मोकळीक मागितली होती व ती मान्य झाली होती. आतां ख्रिस्ती राहण्यांत कोणताही लाभ उरला नव्हता. कांहीं कुटुंबें जुन्या धर्मांत परतलीं, तर पुष्कळ जागच्या जागीं राहिलीं. अठराव्या शतकाच्या मध्यास या भागांतून गेलेला फ्रेंच प्रवासी आंकेतील द्यु पेराँ यास साष्टींतले ख्रिस्ती लोक मराठी अमलाखालीं आपले सण उघडपणें साजरे करतांना आढळले. त्यांचे धर्मगुरु आतां एतद्देशीय होते. स्नानसंस्कार चालूं राहिला, कारण त्यास फारसें कांहीं लागत नाहीं. पाणी विहिरीचें चालतें, आणि अडचणीच्या वेळीं कोणीही माणूस योग्य हेतूनें तो देऊं शकतो. पाण्याची कसोटी अशी पार पडली.

हाताची कसोटी याहून अवघड होती. दृढीकरणास बिशप लागतो. आणि बिशप कोणाचा, हाच वाद पुढें दीड शतक धुमसत राहिला. पोर्तुगालच्या राजास पोपकडून मिळालेला धर्मसंरक्षणाचा अधिकार, म्हणजे पाद्रोआदो, एका बाजूस. आणि रोमच्या प्रोपागांडा खात्यानें नेमलेले धर्माधिकारी दुसऱ्या बाजूस. मुंबईच्या इंग्रजांनीं १७२० सालीं पोर्तुगीज साधूंना घालवून कार्मेलाइट धर्माधिकाऱ्यांस बोलाविलें, आणि १७९४ सालीं तेथील चर्चें दोन पक्षांत वांटलीं गेलीं. वसई गोव्याच्या आर्चबिशपाकडे राहिली. परंतु गोवा दूर, आणि मधला मुलूख परक्या राज्यांचा. १८३१ नंतर तर बारा-तेरा वर्षें रोमनें मान्य केलेला आर्चबिशपच गोव्यास नव्हता. स्नान झालेलें मूल तरुण होई, लग्न करी, त्याच्या मुलांचें स्नान होई. आणि त्याच्या नोंदीजवळची दृढीकरणाची जागा कोरीच राहण्याचा संभव असे.

हा वाद केवळ कागदावरचा नव्हता. १८५३ च्या मार्चमध्यें माहीमचें संत मायकेलचें चर्च पाद्रोआदोच्या लोकांच्या हातीं जाऊं नये म्हणून बिशप अनास्तासियुस हार्टमान यांनीं स्वतःस त्या चर्चांत कोंडून घेतलें. त्याच सुमारास मकावचे बिशप जेरोनिमो दा माता मुंबईस आले आणि त्यांनीं पाद्रोआदोच्या चर्चांत बिशपाच्या अधिकारांतले विधि केले. हें प्रकरण रोमपर्यंत गेलें. त्या काळच्या साध्या कुटुंबाच्या दृष्टीनें पाहिलें तर विचित्र देखावा दिसतो. दोन्ही बाजूंचा मंत्र एक, तेल एक, श्रद्धा एक. वाद होता तो कपाळावर टेकणाऱ्या हाताचा. १८८६ सालीं पोप व पोर्तुगाल यांच्यांत करार होऊन मुंबईचें आर्चबिशपपद निर्माण झालें आणि वसई दमणच्या धर्मप्रांतांत गेली. १९२८ सालीं दमणचा हा भाग मुंबईस जोडला गेला व दोन बिशपांचा काळ संपला. १९५० सालीं वॅलेरियन ग्रेशियस हे मुंबईचे पहिले भारतीय आर्चबिशप झाले. शेवटीं २२ मे १९९८ रोजीं वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. पापडीचें चर्च त्याचें मुख्य चर्च ठरलें आणि थॉमस डाबरे पहिले बिशप झाले. १५३४ पासून मोजलें तर आपल्याच भूमीवर बिशपाचें पीठ येण्यास वसईस ४६४ वर्षें लागलीं.

भाकरीची कसोटी भाषेची होती. स्नान तान्ह्या मुलास चालतें. पण पश्चिमेच्या चर्चांत पंक्तीस बसण्यापूर्वीं समजून घ्यावें लागतें, आणि समजण्यास भाषा लागते. हें ज्यांस लवकर उमगलें त्यांत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट प्रमुख होता. १५७९ सालीं तो गोव्यास आला, आणि १६१६ सालीं रायतूर येथें त्याचें ‘क्रिस्तपुराण’ रोमन लिपींत छापून निघालें. त्या पुराणाच्या आरंभीं एक ब्राह्मण पाद्रीबावांस विनवितो, कीं जुन्या पुराणांच्या जागीं आमच्या भाषेंत एखादें पुराण असावें. म्हणजे स्नान आधीं झालें होतें. अर्थाची भूक मागून लागली, आणि ती लोकांनींच बोलून दाखविली. १६५९ सालीं फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइंश यानें ख्रिस्ताच्या दुःखसहनावर मराठी पुराण रचलें. तें मुंबई, ठाणें व वसई या भागांतल्या ख्रिस्ती लोकांत इतकें रुजलें, कीं एकोणिसाव्या शतकांत मुंबईस त्याचें पुनर्मुद्रण झालें. विशेष हें, कीं मधल्या काळांत, १६८४ सालीं, पोर्तुगीज व्हाइसरॉयनें तीन वर्षांत लोकांनीं देशी भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असा हुकूम काढला होता. हुकूम गेला; पुराण राहिलें.

ख्रिस्तप्रसाद घेण्याचें वय युरोपांत पुढें पुढें सरकत बाराचौदा वर्षांपर्यंत गेलें होतें. ८ ऑगस्ट १९१० रोजीं पोप दहावा पायस यांनीं तें सुमारें सात वर्षांवर आणलें. साधी भाकर आणि ही भाकर यांतला भेद मुलास कळला म्हणजे पुरे, असा त्या आज्ञेचा आशय होता. तेव्हांपासून पांढऱ्या पोशाखांतल्या लहान मुलांचा पहिला प्रसाद हा धर्मग्रामाचा मोठा सोहळा झाला. परंतु यामुळें क्रम उलटला. तिसरी पायरी दुसरीच्या आधीं आली आणि दृढीकरण थोराड मुलांचा संस्कार बनलें. मिस्सा मात्र लॅटिनमध्येंच चाले. ४ डिसेंबर १९६३ रोजीं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें लोकभाषेस परवानगी दिली, आणि वसईच्या वेदीवर मराठी आली. त्या मराठीचा मान पुढें किती वाढला याची खूण जानेवारी २०२० मध्यें दिसली. उस्मानाबाद येथील ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष वसईचे धर्मगुरु फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे होते.

दरम्यान दूर गेलेल्या पायऱ्या पुन्हां जवळ येऊं लागल्या होत्या. १९४६ च्या एका निर्णयानें मरणोन्मुख माणसाचें दृढीकरण करण्याची मोकळीक गांवच्या धर्मगुरूस मिळाली. १९५१ सालीं पोप बारावे पायस यांनीं पुनरुत्थानाच्या सणाचा जागर पुन्हां रात्रीच्या वेळीं करण्यास परवानगी दिली. तोंवर कित्येक शतकें तो आदल्या सकाळींच उरकला जात असे. १९७२ सालीं प्रौढांच्या प्रवेशाचा नवा विधि प्रसिद्ध झाला. नवा म्हणावयाचा, पण वस्तुतः तो फार जुना होता. उमेदवाराचें स्वागत, शिक्षणाचा काळ, उपवासकाळाच्या आरंभीं निवड, त्या काळाच्या तिसऱ्या, चौथ्या व पांचव्या रविवारीं परीक्षणाच्या प्रार्थना, आणि शेवटीं त्या एका रात्रीं स्नान, दृढीकरण व प्रसाद. १९८३ च्या धर्मसंहितेप्रमाणें प्रौढास स्नान देणारा धर्मगुरुच त्याचें दृढीकरणही करतो. बिशपाचा हात अशा रीतीनें गांवच्या चर्चापर्यंत येऊन पोंचला. ऑगस्टीननें जो क्रम मिलानला पाहिला तोच क्रम एखादा प्रौढ आज वसईच्या धर्मग्रामांत पाहूं शकतो. आणि पोर्तुगीज अमलाच्या आरंभीं जें घाईंत राहून गेलें होतें, म्हणजे विचार करावयास दिलेला वेळ, तो आतां नियमानेंच त्यास मिळतो.

तान्ह्या मुलांची रीत मात्र पूर्वींप्रमाणेंच आहे. त्याच्या मस्तकावर तीन वेळां पाणी ओततात, टाळूस तेल लावतात, पांढरें वस्त्र घालतात, आणि पुनरुत्थानाच्या मोठ्या मेणबत्तीवरून पेटविलेला दिवा आईबापांच्या व धर्मपित्याच्या हातीं देतात. मग धर्मगुरु वही उघडून नांवें लिहितात. ज्या राजानें ही वही आणली त्याचें राज्य वसईंतून १७३९ सालींच गेलें. त्यानंतर वसईवर मराठे आले, इंग्रज आले, आणि शेवटीं स्वराज्य आलें; वहींत नोंदी मात्र पडतच राहिल्या. पाणी सत्तेनें आणलें असेल, पण तें टिकविलें शेजाऱ्यानें शेजाऱ्याच्या मुलाचा भार पत्करून. नोंदींत धर्मपित्याचें नांव लिहितात, तें याच कारणासाठीं.